निरीक्षणाच्या दिवशी सुट्टी

माझी नणंद शकुन जन्मभर शाळेत शिकवत राहिली, आणि त्याबद्दल कुणी कौतुक केलं की तोंड वाकडं करून उठून जायची. लोकांना तो विनय वाटे. विनय कसला! ती गेली, आता खरं सांगायला हरकत नाही.

बहात्तर साल. शकुन शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होती. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे श्यामराव, दूर बराकपूरला, पण तिला निरीक्षणासाठी मिळालेली प्राथमिक शाळा कलकत्त्याच्या बेहाला भागात, आमच्या घरामागच्या गल्लीत. म्हणून राहायला आमच्याकडे. सोमवारी आणि गुरुवारी दुसरीच्या वर्गात मागे बसायचं, बाई कशा शिकवतात ते बघायचं, मध्ये बोलायचं नाही, एवढंच काम. कलकत्त्यातच जन्मलेली, तिची बंगाली मराठीपेक्षा बरी.

"वहिनी, काय वर्ग आहे! प्रश्न विचारला की सगळ्यांना उत्तर येतं."

"सगळ्यांना? दुसरीतली पोरं आहेत की पोपट?"

चिडली माझ्यावर.

एका मंगळवारी विसरलेली छत्री आणायला गेली, तर भिंतीशी जमिनीवर कधी न पाहिलेली पाच-सहा मुलं. त्यांतली पुतुल नावाची मुलगी दचकून उठली. "दिदिमणि, तुम्ही बघायला येणाऱ्या ना? मग मी घरी जाऊ?"

कच्च्या मुलांना शकुनच्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलेलं होतं! वर्गाच्या बाई, अनिमादी, लाजल्याबिजल्या नाहीत. "ही ढ पोरं दाखवून तुमच्या ट्रेनिंग कॉलेजात आमचं नाव घालवू?"

शकुननं मोठ्या बाईंना गाठलं. त्या लगेच कबूल झाल्या, सगळ्यांना बसवू म्हणाल्या. शकुन खूश. मला ते 'लगेच' काही आवडलं नाही.

गुरुवारी पुतुल तेल चोपडून, घट्ट वेण्या घालून आली. अनिमादींनी फळ्यापाशी पहिलं तिलाच बोलावलं. साधी वजाबाकी, पण पोरीला येईना. अनिमादी रागावल्या नाहीत, घाई केली नाही. सगळा वर्ग हसायला लागेपर्यंत नुसत्या थांबल्या. मग मागं बघून म्हणाल्या, "लिहून घ्या, दिदिमणि. बघायचं होतं ना?"

शकुन गप्प बसून राहिली. नियमच तसा.

त्यानंतर पुतुल शाळेत आलीच नाही, कुठल्याच दिवशी. शकुन मला घेऊन तिच्या घरी गेली. आई कागदी पिशव्या चिकटवत होती, शेजारी पुतुलही.

"मी रोज घरी येऊन शिकवीन हिला," शकुन म्हणाली.

"कधीपर्यंत?"

शकुनचं बेहालातलं बस्तान ट्रेनिंगपुरतं.

"चार दिवस जात होती, बरं चाललं होतं," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमच्या दोन दिवसांपायी तेही गेले. आता ती नाही म्हणते, आणि मलाही हाताखाली कुणी हवंच आहे."

पुतुलनं मान वर केली नाही. पिशवीची कड अंगठ्यानं दाबत राहिली.

गल्लीत आल्यावर शकुन म्हणाली, "मी ट्रेनिंग सोडते."

"सोड. पुतुलला त्याचा काय उपयोग?"

रडली. मी समजूत घातली नाही, घालण्यासारखं होतं काय? सोमवारी पातळ नेसून ती पुन्हा त्याच वर्गात मागे बसायला गेली. दुसरं काय करावं, ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही.