न विचारता उघडलेलं झाकण

"माणसं अमेरिकेला जातात! ही बया अमेरिकेच्या शेजारी चाललीय! शेजारी!"

बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या दारात नाना इतक्या जोरात ओरडत होते की आतली विमानं घाबरून दहा मिनिटं आधीच उडाली असतील. नाना म्हणजे माझे वडील. जन्म रिफायनरीत गेला, त्यामुळे भोंग्यापेक्षा खाली त्यांचा आवाज कधी आलाच नाही. "सेवाच करायची आहे ना तुला? इथं वासण्याला तुझी आत्या गुडघे धरून बसलीय, तिची कर! तिच्याकडे जायला व्हिसा लागत नाही!"

मला पोचवायला आमची अर्धी गल्ली, घडियाळी पोळ, आली होती. तीन रिक्षा आणि एक टेम्पो. शेजारच्या हंसाबेननं थेपल्यांचा एवढा गठ्ठा दिला होता की हैतीचा एक जिल्हा त्यावर महिनाभर जगला असता. ती डोळे पुसत विचारत होती, "बेटा, त्यां तुं शुं खाईश?" मी एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, कारखान्याच्या लॅबमध्ये पाणी तपासणारी बाई. मी पण नानांचीच मुलगी. त्यांना म्हटलं, "इथं बसून तुमचा बीपी मोजण्यापेक्षा तिथं लोकांचं पाणी मोजलेलं बरं!" आणि वाकून नमस्कार न करता आत गेले. हे लिहिताना लाज वाटते असं म्हटलं तर बरं दिसेल. पण वाटत नाही. त्यांनी पण पाय पुढे केले नव्हते.

तुम्ही जे बडोद्यात मागे राहिलात आणि मला 'सेवाभावी' म्हणता, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच बाहेर पडलात आणि दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर रडता, दोघांनीही ऐका. हैतीत संस्था किती आहेत विचारू नका. एका आंब्याच्या झाडावर मी चार संस्थांच्या पाट्या मोजल्या. आंबे तीनच होते. एका बकरीच्या गळ्यात बोधचिन्ह होतं. ती बकरी माझ्यापेक्षा जुनी कर्मचारी होती आणि तसं वागायची. आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय कुठल्यातरी थंड देशात, जिथं लोक नळाला तोंड लावून पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही. त्यांनी मला एका डोंगरावर पाठवलं. वर जायला तीन तास खेचर. त्या खेचरानं माझ्याबद्दल जे मत करून घेतलं ते शेवटपर्यंत बदललं नाही.

वरच्या गावात मला 'ब्लां' म्हणत. म्हणजे गोरी. परका माणूस कुठल्याही रंगाचा असो, तिथं तो गोराच. पोळेत जिला 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' म्हणत तीन स्थळांनी परत पाठवलं, ती गोरी! मी लगेच फोटो काढून घरी पाठवला.

काम सोपं होतं. घरोघरी झाकणाची आणि तोटीची एक बादली दिलेली. संस्था दर महिन्याला क्लोरिनच्या छोट्या बाटल्या पाठवायची. बाटलीचं एक बूच बादलीभर पाण्यात टाकायचं की झालं. मी जाऊन पाण्याचा नमुना घ्यायचा, नळीत गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं तर औषध आहे, नाही झालं तर नाही. बाटल्या वाटायचं काम गावातल्या आरोग्यसेविकेचं, मदाम योलेतचं. साठीची, खांद्यानं रुंद, बोलायला कंजूष. कॉलऱ्यानं तिची आई नेली होती. तो कॉलरा त्या देशात बाहेरून मदतीला आलेल्यांबरोबर आला, हे डोंगरावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. मलाही सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. मी मान डोलावली आणि विसरले.

आता पोळेत वाढलेल्या माणसाला दार म्हणजे काय? तोरण लावायची जागा. आमच्याकडे माणूस "काकी, आहात का?" विचारतो तेव्हा तो काकीच्या स्वयंपाकघरात पोचलेला असतो आणि तोंडात काकीची शंकरपाळी असते. मी तशीच निघाले. सकाळी अकरा घरं. थेट आत, झाकण वर, नळी पाण्यात, गुलाबी, शाब्बास, पुढचं घर. एका घरात म्हातारी केस विंचरत होती. मी प्रेमानं तिच्या गालाला हात लावला. आपण लावतो तसा. माझ्या मते मी त्या दिवशी हैती-बडोदा मैत्री संघ स्थापन केला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा बादल्या पालथ्या. धुवून, उन्हात, दारापुढे ओळीनं. आणि आत, माझ्या समोर, मडक्यांत परत ओढ्याचं साधं पाणी भरणं चाललेलं.

योलेत चढावर उभी राहून ओरडली. कंजूष बाईनं साठवलेला सगळा आवाज एकदम काढला. खालच्या दरीतली कोंबडी गप्प झाली.

"तुझ्या देशात घरांना मालक नसतात?"

"घरांना असतात. दारांना नसतात!" मी पण ओरडले. मोडक्या क्रेओलमध्ये, पण आवाज रिफायनरीचा.

"आमच्याकडे माणूस अंगणाबाहेर थांबतो. 'ओने' म्हणतो, म्हणजे मान. आतून 'रेस्पे' आलं, म्हणजे आदर, की मग पाय टाकतो. चोरसुद्धा म्हणतो!"

"मी तपासायला आले होते, चोरायला नाही."

"परका माणूस न सांगता आत आला आणि पाण्यात हात घालून गेला. या गावात! तुला कळतं का काय केलंस?"

कळलं होतं. ती बोलायच्या आधी, पालथ्या बादल्या बघूनच कळलं होतं. पण वीस-पंचवीस माणसं बघत होती, पोरं हसत होती, आणि ते खेचर, देवाशपथ, तेही हसत होतं. मी पाठ फिरवली, खोलीवर गेले आणि मासिक अहवाल उघडला. त्यात एक रकाना असतो, समाजाचा सहभाग. उत्तम, मध्यम, असहकार. मी 'असहकार'वर खूण केली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. खाली शेऱ्यात लिहिलं, "लोक शुद्ध केलेलं पाणी ओतून देतात. हा पुरवठा दुसऱ्या वस्तीकडे वळवल्यास अधिक उपयोग होईल." आणि पाठवून दिलं. नानांना नमस्कार न करता निघालेली तीच बाई.

मग राग उतरला, जसा आमच्या घरात उतरतो, माफी न मागता. मी अंगणाबाहेर उभं राहायला शिकले. पहिल्या घरानं मला अर्धा तास उन्हात ठेवलं. दुसऱ्यानं त्याहून जास्त. त्या म्हातारीनं तर आतून पूर्ण गाणं म्हटलं, मग सावकाश जेवली असावी, आणि मग "रेस्पे" म्हटलं. हळूहळू बादल्या परत आत गेल्या. पाणी गुलाबी व्हायला लागलं. योलेतनं एकदा मला काळी कॉफी दिली आणि साखर न विचारता तीन चमचे घातली. मी समजले की मिटलं.

आणि पुढच्या महिन्यात बाटल्या आल्याच नाहीत. मुख्य कार्यालयाला माझा अहवाल फारच पसंत पडला होता. पत्र आलं, सुंदर भाषेत, की स्थानिक प्रतिसाद लक्षात घेऊन साधनांचं नियोजन नव्यानं केलं आहे. आमच्या बाटल्या पलीकडच्या डोंगराला गेल्या. मी सात पत्रं लिहिली. मी चुकले, मी रागात होते, गाव चांगलं आहे. त्यांनी माझ्या 'भावनिक गुंतवणुकी'चं कौतुक केलं. शिव्या मराठीत दिल्या तर त्यांना कळत नाहीत आणि इंग्रजीत दिल्या तर मला समाधान नाही.

योलेत रोज विचारायची, "बाटल्या?"

मी म्हणायचे, "रस्ते बंद आहेत."

मग रस्ते खरंच बंद झाले. राजधानीत बंदूकवाल्या टोळ्या, विमानतळ बंद, आणि आम्हा परक्यांना उचलायला हेलिकॉप्टर आलं, आमच्या मिक्सरएवढं. मी त्यात बसताना योलेतनं रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवून परत विचारलं. मी पंख्याच्या आवाजावर ओरडले, "पुढच्या महिन्यात!" तेवढा आवाज माझ्यात आहे.

बडोद्याला आले तर पोळेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या राहिल्या नव्हत्या. नानांना दादानं, माझ्या थोरल्या भावानं, हरणीच्या फ्लॅटमध्ये हलवलं होतं, मला कुणी कळवलं नव्हतं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं, "कोने मळवुं छे, बेन?" कुणाला भेटायचंय. त्यानं वर फोन लावला. मी, दोन बॅगा, डोक्यावरून विमान जातंय, आणि इंटरकॉममधून नानांचा आवाज अख्ख्या सोसायटीला ऐकू गेला, "कोण शैला? हैतीची?" मी उभी राहिले. खूप वेळ. मला त्यांचं वाईट वाटलं नाही, माझाच राग आला. मग वॉचमन म्हणाला, "जवा दो कहे छे," आणि त्यानं फाटक उघडलं.

तेव्हापासून मला घराचा अर्थ विचारू नका. दिवाळी अंकातले सगळे लोक सांगतात, घर म्हणजे जिथं आपल्याला विचारावं लागत नाही. साफ खोटं. न विचारता मी अकरा घरांत शिरले आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. जिथं उन्हात तिष्ठत उभं ठेवून मग आत घेतलं, त्या घरांची मला रोज आठवण येते. आणि इथं मी आता नानांच्या खोलीच्या दारावर टकटक करते. ते "काय आहे?" म्हणून खेकसतात. मग आत जाते.

परवा इथल्या मराठी मंडळानं भाषण ठेवलं. मी दीड तास बोलले. खेचर झालं, बकरी झाली, हेलिकॉप्टर झालं. हेलिकॉप्टरवर मी दोन गोळ्या पण झाडवल्या, ज्या कुणी झाडल्याच नव्हत्या. लोक हसून लोळले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग आता तिथं पाण्याचं काय करतात हो?"

मी म्हटलं, "आता ते लोक स्वावलंबी झालेत." टाळ्या पडल्या.

मी आयुष्यभर सगळं फुगवून सांगितलं. तो अहवाल मात्र मी कुणालाच सांगितला नव्हता. त्या टाळ्या घेऊन मी घरी आले, तशीच सोसायटीच्या गच्चीत गेले आणि योलेतला फोन लावला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. तिनं उचलला. मागे कोंबड्या, बायकांचे आवाज. ती सांगत होती की खालच्या वस्तीत परत जुलाब सुरू झालेत, दोघं गेली, वरच्या बायका पाणी उकळतायत, पण लाकूड संपत आलंय, बाजारातून ब्लीच मिळतं तेवढं आणतात. तिनं बाटल्यांचं विचारलंच नाही. ते मला सहन झालं नाही.

मी ओरडायला लागले. गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. "मदाम, रस्ते बंद नव्हते! मी खोटं बोलले! तुम्ही मला चढावर झापलंत ना, त्याच दिवशी मी वर लिहून पाठवलं, की हे लोक ऐकत नाहीत, यांचं औषध दुसऱ्यांना द्या. मी लिहिलं! बाटल्या माझ्यामुळे बंद झाल्या!"

तिनं कुणाला तरी चुलीखालचं लाकूड बाहेर ओढायला सांगितलं. मग फोनवर आली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मागे पण बाटल्या अशाच थांबल्या होत्या. तुझ्या आधी जो ब्लां आला होता, त्यानं पण तेच लिहिलं होतं."