पाट

या वाढदिवसाला आईने औक्षणासाठी पाट मांडला नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बस इथेच."

गेल्या वर्षी पाटावरून उठताना मी भिंत धरली होती, ते तिने लक्षात ठेवलं असणार. मला बावन्न पूर्ण झाली, तिला अठ्ठ्याहत्तर. मी चिडलो, पण बसलो. गुडघ्याला बरं वाटलं, याचाच जास्त राग आला.

बसल्या बसल्या मनात आलं, दोन-तीन वर्षांत मी किती वर सरकलोय! आधी मांडी घालणं सुटलं आणि माझं ताट टेबलावर गेलं. मग जमिनीवरची गादी जाऊन पलंग आला. उकिडवं बसायचं तर डॉक्टरांनी बंदच केलंय. दुखणी माणसाला अशी वीत वीत जमिनीपासून उचलत नेतात. आणि सगळं संपलं, की घरचेच त्याला उतरवून पुन्हा जमिनीवर ठेवतात.

आई ओवाळू लागली. खुर्ची उंच, आणि तिचा खांदा कित्येक वर्षं आखडलेला. निरांजनाचं ताम्हन माझ्या छातीच्या वर जाईना.

"आई, हे दुखणं थांबतं का गं कधी?"

"मलाही तुझ्याच वयात सुरू झालं," ती म्हणाली. "वाटलं होतं, थांबेल."

अक्षता टाकायला तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. मी मान वाकवली.

"शंभर वर्षांचा हो," ती म्हणाली.