न दिलेली नोटीस

"आधी पत्र, मग चहा," असं म्हणत ते माझ्या हातातला कप काढून घ्यायचे. दोह्यातल्या पहिल्या नोकरीत ते माझे साहेब होते. साइटवर काही अडलं, की त्याच दिवशी समोरच्या कंपनीला लेखी कळवायचं, हा त्यांचा नियम. मी पत्र लिहायचो, ते लाल पेनाने निम्मं खोडायचे, आणि मग स्वतः उठून चहा परत गरम करून आणायचे. असा छळणारा, पण हाताला धरून शिकवणारा साहेब तुम्हालाही कुठेतरी भेटला असेल.

माणूस नाशिकचा, राहायला दोह्यातल्याच मुऐदर भागात. माझी बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तेव्हा आठ दिवस त्यांच्या घरून डबा आला. घेऊन ते स्वतः यायचे. "यल्ला, चल, गरम आहे तोवर जेव," म्हणून दारातूनच निघून जायचे. तोंडाने मी त्यांना सर म्हणायचो, पण मनात त्यांची जागा थोरल्या भावाची होती.

पुढे मी इमारतींना काचा बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेलो. दोह्याशेजारच्या लुसैलमधल्या एका टॉवरचं काम आम्हाला मिळालं, आणि मुख्य कंत्राटदाराकडे करारांचं काम पाहायला नेमके तेच. मला हायसं वाटलं.

मग त्यांच्या कंपनीने ऐनवेळी नकाशे बदलले. आमचं काम थांबलं, माणसं बसून राहिली. त्याची भरपाई हवी असेल, तर बदल कळल्यापासून अठ्ठावीस दिवसांत नोटीस द्यायची, नाहीतर हक्क गेला, असं करारात स्पष्ट होतं. करार इंग्लंडच्या कायद्याचा. तिथे अशा अटीला सहसा पळवाट नसते, हेही मला त्यांनीच शिकवलेलं.

मी नोटीस तयार केली आणि पाठवण्याआधी, आपला माणूस म्हणून, त्यांना दाखवायला गेलो. त्या दिवशी चहा आधी आला. नोटीस वाचून त्यांनी ती घडी घालून मला परत दिली.

"अरे, आपण घरची माणसं. नोटीस आली की वरचे लोक बिथरतात. तुझे पैसे मी पास करून घेतो. शब्द देतो."

मी नोटीस बॅगेत ठेवली.

मुदत संपली. दोन महिन्यांनी आमची मागणी फेटाळल्याचं पत्र आलं. कारण एकच: वेळेत नोटीस नाही. करारात ठरल्याप्रमाणे वाद अ‍ॅडज्युडिकेटरकडे, म्हणजे तातडीने निवाडा देणाऱ्या तटस्थ माणसाकडे गेला. समोरून जे निवेदन आलं, त्यात लिहिलं होतं की नोटिशीविषयी आमच्यात कधी बोलणं झालंच नाही. खाली सरांची सही. मी ती तीनदा पाहिली.

आम्ही हरलो. पुढे लवादाकडे जाण्याची आमच्या मालकाची ऐपत उरली नव्हती. कंपनी बंद पडली, चौदा कारागीर गावी परतले. त्यांचा फोरमन कुडाळचा. निघताना त्याने मला विचारलं, "साहेबानू, ता पत्र तुमी धाडलात मां?"

मी नाही म्हणालो. तो बॅग उचलून बसमध्ये चढला.

वर्षभराने सर कायमचे नाशिकला निघाले, तेव्हा त्यांचा फोन आला. निरोपाचं काहीबाही बोलू लागले. मी मधेच विचारलं, "सर, शब्द दिलात तेव्हाच माहीत होतं का तुम्हाला?"

"नाही रे. मी खरंच वर जाऊन बोललो. त्यांनी साफ नकार दिला, आणि हे बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं. माझी नोकरी, मुलीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष..." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "तेव्हा तुझे सहा दिवस बाकी होते."

सहा दिवस. नोटीस माझ्या बॅगेतच होती. त्यांनी नुसता एक फोन केला असता, तरी पुरे होतं.

मी मोबाइल टेबलावर ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आत आलो, तरी फोन चालूच होता. पलीकडून फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.