गुडघा गेला तर?

"आणि गुडघा गेला तर?"

अत्तराच्या दुकानातला आमचा भाई एवढ्या मोठ्यानं ओरडला की बलदमधल्या, म्हणजे जेद्दाच्या जुन्या वस्तीतल्या, लाकडी खिडक्यांवरची कबुतरं उडाली ती थेट मक्केच्या रस्त्याला लागली. भाईच्या एका कानाला मोबाइल, दुसऱ्या हातात उदाच्या अत्तराची बाटली. काउंटरपलीकडे एक नायजेरियन हाजीणबाई मनगट पुढे करून ताटकळत उभी, की अत्तर आज लावणार का पुढच्या हजला! फोनवर पुण्याच्या एका कॉलेजचे बास्केटबॉल कोच होते. खरं तर फोनची काही गरज नव्हती. भाईचा आवाज जेद्दाहून पुण्याला तसाही पोचला असता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, अशुभ कशाला बोलता." भाईनं हाजीणबाईच्या मनगटावर काडी फिरवली. "एवढं मोठं कॉलेज, डॉक्टर, आणि गुडघ्याचं नाव काढलं की घाबरतंय."

मी डॉक्टर नाही. एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासतो. भाईला हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. पण एकदा त्यानं मला डॉक्टर केलं ते केलं. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. तो रत्नागिरीकडचा, मी साताऱ्याचा. गावाकडे आमची गाठ पडती तर ओळखही झाली नसती. इथे मात्र त्याच्या घरची सांदणं पहिल्यांदा माझ्या दारात यायची.

त्याचा पोरगा बारावीला. उंची अशी, की दाराच्या चौकटीला वाकून सलाम केल्याशिवाय घरात शिरता येत नसे. शाळेच्या टीमचा कॅप्टन. त्याला बास्केटपर्यंत उडी मारावी लागत नाही, बास्केटच त्याच्याकडे वाकतं, असं मी लोकांना सांगायचो. निम्मे विश्वास ठेवायचे.

आपल्या पोरांना बारावीनंतर भारताचा रस्ता धरावा लागतो, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. भाईसमोर प्रश्न होता, कुठलं कॉलेज? शिक्षण बघायचं की खेळ? पोरगा म्हणायचा, पुणे. भाई म्हणायचा, गुडघा.

हा गुडघा आला कुठून, तेही सांगतो. शाळेच्या एका सामन्यात समोरच्या टीमचा सगळ्यात तेज पोरगा पडला, गुडघा धरून ओरडला. त्याला उचलून नेलं. "हाफटाइमला त्याचं नाव कोण घेत नव्हतं, डॉक्टर," भाई मला म्हणाला. "बाप त्याचा बूट हातात घेऊन एकटाच उभा होता." त्या दिवसापासून भाईच्या तोंडी तेवढंच. मी जुनी गाडी घेतली, तर पहिला प्रश्न तोच. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, तरी तोच. नवरा मुलगा बँकेत होता हो! त्याला गुडघ्याचं काय काम?

मुंबईच्या एका कॉलेजला फोन झाला. शिक्षण पहिल्या नंबरचं. खेळाचं विचारल्यावर क्लार्क म्हणाला, कोर्ट आहे, पण तिथे प्राचार्यांची गाडी असते. भाईनं तेही खोडलं. "पोरगं खेळल्याशिवाय जेवत नाही. तिथे उपाशी मरेल."

तिसरं कॉलेज सांगलीकडचं, लहानसं. क्रीडा विभागाच्या बाईंनी प्रश्न ऐकला आणि न दचकता सांगितलं, "मागच्या वर्षी एकाचा गेला की. आता तो गुणफलक सांभाळतो आणि मेकॅनिकलचे पेपर देतो. हॉस्टेलची खोली तीच आहे."

भाईनं त्या दिवशी दुकानात येईल त्याच्या मनगटाला फुकट अत्तर लावलं. अख्खी गल्ली दोन दिवस घमघमत होती. मांजरंसुद्धा.

पोरगा पेटला. "अब्बू, सांगली को कौन जानता है? पुणेवाली टीम नॅशनल खेलती है!"

"खेळू दे. पडलेल्याचं काय करते ते सांग."

"आप बस वही घुटना लेके बैठे हो."

आठवडाभर बापलेक एका ताटावर बसले नाहीत.

ते सौदीकरणाचे दिवस. आज मोबाइलची दुकानं, उद्या सोन्याची. काउंटरवर सौदीच हवा. भाईच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर भाईचा व्हिसा होता त्या सौदी मालकानं, एक तरुण सौदी आणून उभा केला. "याला शिकव." पोरगा लाघवी होता, भाईला 'या अम्मी' म्हणजे काका म्हणायचा. भाईनं त्याला सगळं शिकवलं. कुठल्या देशाच्या गिऱ्हाइकाला भारी वास आवडतो, कुणाला हलका, बाटली कधी उघडायची आणि कधी नुसती दाखवायची. शिकवताना बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

एका दुपारी मी दुकानात होतो. भाईचा पोरगा बापाचा डबा घेऊन आला. स्टुलावर नवा माणूस. बाप दाराशी उभा राहून खोक्यांवरची धूळ पुसत होता. तेवढ्यात कफील आला, भाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमानं म्हणाला, "खलास, या भाई. महिनाअखेर."

भाईनं फडकं झटकलं आणि पुढचं खोकं पुसायला घेतलं.

पोरानं डबा काउंटरवर ठेवला. खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोर स्पीकर लावून पुण्याला फोन केला. "सर, इफ आय गेट इंजर्ड?"

कोच हसले. "तू फक्त उडी मार रे. खालचं आम्ही बघतो."

"बघतो म्हणजे क्या, सर?"

तिकडून मीटिंगचं काहीतरी सांगून फोन बंद झाला. पोरानं मोबाइलकडे बघितलं, मग दाराशी उभ्या बापाकडे. "अब्बू," तो म्हणाला, "उस मॅडम का नंबर दो."

पोरगा सांगलीला गेला आणि महिन्याभरात भाईचं घर रिकामं झालं. मी अजून त्या दुकानावरून जातो. तो सौदी पोरगा माल चांगला विकतो, मला बघितलं की 'अम्मी कसा आहे' विचारतो. पण दुकानात आवाज नाही. कबुतरं उडायचं विसरलीत, एकेक कोंबडीएवढं झालंय.

भाईला विमानतळावर मीच सोडलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं तिथे विचारून टाकलं. "अख्ख्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांना छळलंस. दुकानात लागताना कफीलला विचारलं होतंस का, गुडघा गेला तर?"

भाईनं बॅग ट्रॉलीवर नीट सरकवली.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा गुडघे बरे होते."