ब्रेकताईंची कोपरं

बावीस वर्षं दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसायचं आणि तरीही रोज संध्याकाळी धडधाकट घरी यायचं, हे काही खायचं काम नाही. ब्रेकताईंना ते जमलं होतं, कारण शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, त्यावरून त्यांचा उजवा पाय कधी हललाच नाही. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव फक्त ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना ठाऊक होतं, आणि तेही हजेरीपुस्तक बघून सांगत.

कोपरांवर चट्टे आले तेव्हा ताईंनी दोष गाडीच्या खिडकीला दिला. दिवसभर चौकटीवर कोपर टेकवलं तर कातडी जाड होणारच. पण टेकवायच्या त्या डावं, आणि चट्टा उजव्यावरही होता. मग गुडघे झाले, मग पोटऱ्या, मग केसांची कड. खाली लाल, वर चंदेरी खपली, खाजवलं की भुगा. गाडीच्या काळ्या सीटवर रोज पांढरा चुरा पडू लागला. मालकांना वाटलं, सीटचा फोम विरतोय. त्यांनी नवं कव्हर शिवून घेतलं. ताई गप्प बसल्या. आठवड्याभराने मालक कव्हरवाल्याला फोनवर झापत होते, तेव्हाही त्या गप्पच बसल्या. फक्त त्या दिवसापासून पर्समध्ये एक छोटा ब्रश ठेवू लागल्या.

बिंग फुटलं ते भर उन्हाळ्यात. पूर्ण बाह्यांनी जीव नकोसा झाला म्हणून ताईंनी क्षणभर बाही वर सारली. स्टिअरिंगवर कॉलेजातली एक मुलगी होती. तिनं रस्त्याऐवजी कोपराकडे पाहिलं.

"ताई, हे... लागत तर नाही ना?"

असं विचारत ती आपल्या दाराकडे सरकली. तिच्याबरोबर स्टिअरिंगही सरकलं. गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर चढली आणि कचऱ्याच्या डब्याला जाऊन टेकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ब्रेकताईंचा ब्रेक चुकला होता, कारण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष बाही खाली ओढण्यात होतं.

घरी नवरा म्हणाला, "आता कुणाला तरी दाखव." तो पोस्टात काउंटरवर होता, एवढं बोलला म्हणजे त्याच्या मानानं तातडीची तार झाली. नणंद मात्र तारेवर थांबणारी नव्हती. तिनं एक तेल आणून दिलं. त्याला असा वास होता की शिकाऊ मंडळी काच खाली करून, मुंडकं बाहेर काढून गाडी चालवू लागली. चट्टे होते तिथेच राहिले.

दवाखाना शोधायला सोबत मिळाली ती गणिताच्या सरांची. सर अडुसष्ट वर्षांचे. बायकोच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपेनात, म्हणून या वयात गाडी शिकत होते. दुसऱ्या गिअरवर त्यांची श्रद्धा होती. तिसरा हा त्यांना उधळपट्टीचा वाटे.

"बाई, तुम्हाला दवाखाने बघायचेत, मला सराव हवाय," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तिथे नेतो."

"सर, आधी सिग्नलपर्यंत न्या."

पहिला दवाखाना चकचकीत होता. काचेचं दार, आत थंडगार हवा, गुळगुळीत फरशी. काउंटरवरच्या तरुणीनं तक्रार पुरती ऐकायच्या आतच सांगून टाकलं, "सहा महिन्यांत मुळासकट जाईल मॅडम, गॅरंटी आहे. आज नाव नोंदवलंत तर सवलत." भिंतीवर जोडीजोडीनं फोटो होते, उपचाराआधी आणि उपचारानंतर. ताई चष्मा लावून फोटोंसमोर उभ्या राहिल्या.

"हे आधीचं कोपर डावं आहे," त्या म्हणाल्या, "आणि नंतरचं उजवं."

"नाही मॅडम, पेशंट एकच आहे."

"पेशंट एकच असेल. पण ज्या कोपरावर चट्टे होते त्याचं काय झालं? अहो, बावीस वर्षं मी लोकांना डावं-उजवंच शिकवतेय."

तरुणी मॅनेजरला बोलवायला गेली. तोवर ताई गाडीत येऊन बसल्या होत्या. सर गाडी मागे घेत होते; त्याला इतका वेळ लागला की मॅनेजर बाहेर येऊन, हात हलवून, दमून परत गेला.

दुसरा नंबर पुडीवाल्याचा. त्याच्याकडे फोटो नव्हते की गॅरंटी नव्हती, नुसती दारापर्यंत रांग होती. एवढी माणसं काय वेडी आहेत का, असं म्हणून ताईही रांगेत राहिल्या. पुडीवाल्यानं नाडी पाहिली, डोळे मिटले आणि करड्या पावडरच्या एकवीस पुड्या दिल्या. काय आहे यात, असं विचारल्यावर म्हणाला, "आमची घरची विद्या आहे."

पुड्यांनी चमत्कार केला. दहा दिवसांत खपल्या गेल्या, कोपरं गुळगुळीत झाली. ताईंनी अर्ध्या बाह्यांचे तीन ब्लाउज शिवायला टाकले. त्या खूश होत्या. सरांचं तेवढं समाधान नव्हतं. एकदा म्हणाले, "उत्तर बरोबर आलंय बाई. पण मुलगा रीत दाखवायला तयार नसला, तर मी मार्क देत नसे."

"तुम्ही क्लच सोडा आधी," ताई म्हणाल्या.

पुड्या संपल्या आणि पंधरा दिवसांत चट्टे परत आले, व्याजासकट. पाठीवर आले, पोटावर आले. तीनही ब्लाउज कपाटात गेले. ताई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मलम मागायला गेल्या, तेव्हा दुकानदारीणबाईंनी ट्यूब हातात द्यायच्या ऐवजी मागे घेतली. "ताई, मनानं मलमं नेणं पुरे झालं. चढावरच्या सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग आहे. तिथे जा."

रुग्णालयाचा रंग उडालेला होता आणि बाकाचा एक पाय आखूड होता. कुणी उठलं की उरलेले सगळे एका बाजूला कलत. भिंतीवर ना फोटो ना जाहिरात. ताईंना उगाच बरं वाटलं. डॉक्टरबाई मुलीच्या वयाच्या होत्या, डोळ्यांखाली झोपेचं कर्ज. त्यांनी कोपरं पाहिली, डोकं पाहिलं, मग एकेक नख उजेडात धरून पाहिलं. ताईंना हे आवडलं; गाडी घेताना टायरसुद्धा बघावे लागतात.

"सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का?"

"माझे नाही. सकाळी नवरा आखडलेला असतो."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण पेन थोडं थांबलं. मग पुड्यांचा विषय निघाला. "त्यात बहुतेक स्टेरॉइड असणार. घेताना छान वाटतं, बंद केलं की दुप्पट उसळतं. हा सोरायसिस आहे. हा कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लावताही येत नाही. शरीर कातडी गरजेपेक्षा घाईनं तयार करतं, एवढंच."

"मुळासकट कधी जाईल?"

"जाईल असं मी सांगणार नाही. ताब्यात राहील. पुष्कळ काळ दिसणारही नाही. पण पुन्हा येऊ शकतो."

ताईंचं तोंड उतरलं. एवढा चढ चढून यायचं, तासभर कलत्या बाकावर बसायचं, आणि ऐकायचं काय, तर जाणार नाही. त्यांनी पर्स उचलली. त्या दारापर्यंत गेल्याही. आणि तिथे त्यांना रोजचं स्वतःचंच बोलणं आठवलं. नवीन पोराचे आईबाप यायचे आणि विचारायचे, महिनाभरात शिकला की अपघात होणार नाही ना? त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं असे: अपघात होणारच नाही असं सांगणाऱ्याकडे पाठवू नका, मी गाडी ताब्यात ठेवायला शिकवते.

त्या मागे फिरल्या आणि खुर्चीत बसल्या.

"सांगा, काय काय करता येईल?"

डॉक्टरबाईंनी ताईंचाच तळहात त्यांच्या पाठीजवळ धरून मापं घेतली. तुमचा एक पंजा म्हणजे साधारण अंगाचा एक टक्का, म्हणाल्या. असे नऊ पंजे भरतात. एक-दोन भरले असते तर नुसत्या मलमावर भागलं असतं. आता एक तर मलम आणि जोडीला प्रकाशाचा उपचार, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. नाहीतर गोळ्या, पण त्यात दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, यकृतावर लक्ष ठेवायचं. इंजेक्शनंही आहेत, ती मात्र बाकीचं हरल्यावर. "घाई नाही, घरी विचार करून सांगा."

आज सवलत नाही, उद्या या, विचार करून या. ताईंना वाटलं, अशा दुकानदाराकडूनच माल घ्यावा. खाली गाडीत सरांना पंजाचा हिशेब सांगितला तर ते इतके हरखले की स्वतःचा पंजा स्टिअरिंगवरून उचलून न्याहाळू लागले. पायाखालचा ब्रेक ताईंनी वेळीच दाबला.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठवड्यातून तीनदा तुला तो चढ चढवेल कोण?"

"सरांना चढावर गाडी उचलता येत नाही," ताई म्हणाल्या. "त्यांनाही ते शिकायचंच आहे."

असा प्रकाशाचा उपचार ठरला. उपचाराची खोली म्हणजे कपाटाएवढं उभं खोकं, आत चारी बाजूंना नळ्या. डोळ्यांना काळा चष्मा लावून, कपडे उतरवून मध्ये उभं राहायचं. पहिल्या दिवशी दिवे पेटले, अर्धं मिनिट गुणगुणले आणि विझले.

"झालं?" ताईंनी विचारलं. कपडे उतरवायलाच यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

"हळूहळू वाढवायचं असतं," नर्स म्हणाली. "पण तुम्ही आत पाय का आपटत होता?"

ताईंनी खाली पाहिलं. उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. काही दिसेनासं झालं की त्या ब्रेकच मारत.

पहिले तीन आठवडे ढिम्म फरक नाही. चौथ्यात खपल्या पातळ झाल्या. एकदा अंग भाजल्यासारखं लाल झालं, तेव्हा नर्सनं एक खेप चुकवायला लावली. या तीन महिन्यांत सर रुग्णालयाचा चढ पस्तीसेक वेळा चढले, त्यातल्या पहिल्या वीस वेळा उलटे घसरत. मागे उभ्या राहणाऱ्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर त्यांना लांबूनच ओळखू लागला आणि गाडी दिसताच आपली रुग्णवाहिका दोन हात मागे घेऊ लागला. परवान्याच्या परीक्षेत सर एकदा नापास झाले, फार सावकाश चालवतात म्हणून. दुसऱ्या खेपेला पास झाले. तिसरा गिअर टाकला होता.

साडेतीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा पंजे मोजले. नऊतला एक उरला होता, तोही अर्धामुर्धा. कानामागे आणि एका पोटरीवर. तेवढ्यासाठी मलम दिलं. थंडीत एक गुडघा पुन्हा लाल झाला. ताईंनी शिव्या घातल्या, मलम लावलं आणि कामावर गेल्या.

आता त्या अर्ध्या बाह्यांचे ब्लाउज घालतात. नवा विद्यार्थी गाडीत बसला की पट्टा बांधायला लावतात, आरसे नीट करायला लावतात, आणि त्याची नजर कानामागच्या चट्ट्याकडे गेलीच तर त्याच आवाजात पुढे सांगतात, "हा सोरायसिस आहे. लागत नाही. क्लच दाबा."