बांधावरचा रोजचा पेपर

“चुकलं तरी चालंल, कोरं न्हाई चालणार.”

दहावीच्या वर्गात पाऊल टाकताच आमच्या इंग्रजीच्या मॅडम हे म्हणत आणि मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकत. घड्याळ परीक्षेत बघायचं, आता फक्त लिहायचं, असा त्यांचा कायदा होता.

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. मॅडम बदनापूरच्या, तासिका तत्त्वावर आलेल्या, म्हणजे आज आहेत तर उद्या नाहीत. घनसावंगीत खोली घेऊन राहत आणि तिथून काळीपिवळी जीपच्या अर्ध्या सीटवर बसून प्रार्थनेच्या आधीच गावात पोचत. फळ्यावर एक प्रश्न. एकच, पण रोज. पोरांनी लिहायचा, त्यांनी तिथंच तपासायचा. सकाळी सकाळी एवढा उत्साह बघवत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगत असे.

एकदा पत्रलेखनाचा सराव होता. पोरांनी शाळेच्या गळक्या नळाची तक्रार इंग्रजीत लिहिली आणि मॅडमनी सगळी पत्रं मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब चपापले. “मॅडम, हा सराव आहे का खरी तक्रार?”

“दोन्ही, सर.”

नवा नळ बसला बुवा.

कापूस फुटला की आमचे वर्ग अर्धे होतात. त्या वर्षी शीतल नावाची मुलगी आठवडाभर आली नाही. सहामाहीत ती इंग्रजीत नापास झालेली. शाळा सुटल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, तिचं शेत दाखवा.” गेलो. शीतलची आई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती आणि शेजारच्या ओळीत शीतल.

“वेचायला माणूस मिळून न्हाई राह्यलं, मॅडम,” आई म्हणाली. “आन् हिचे पप्पा म्हणतेत, इंग्रजीत उडली की शाळा बंद. दुसऱ्यांदा न्हाई बसवणार. तशी बी उडणारच हाय, मंग आत्ताच कामाला लागंल.”

शीतलने मान वर केली नाही. तिला शिकायचं होतं, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

मॅडमनी ओढणी कमरेला खोचली. “हिची ओटी मला द्या. मी वेचते, तवर ही एक प्रश्न लिहील. बराबर?”

आईला हसू आवरेना. थोड्या वेळाने तिने मॅडमच्या ओटीत हात घालून पाहिलं. “कापसापरीस पालाच जास्त आला की! तुम्ही तर काठावर पास, मॅडम.”

“उद्या सुधारते,” मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी गेल्या. मग रोजच. शीतल बांधावर बसून लिहायची, मोठ्याने वाचायची, आणि मॅडम कपाशीतूनच ओरडून चूक सांगायच्या. बोंडांची टोकं लागून त्यांची बोटं ओरबाडली होती, खडू धरताना दिसायचं. मी म्हणालो, “मॅडम, हे तास पगारात कुणी धरणार नाही हं.”

“म्हणून तर निवांत शिकवून राह्यले, सर.”

वेचणी संपत आली तेव्हा आईच विचारू लागली होती, “आज पत्र हाय का भाषण?”

परीक्षेच्या तोंडावर कायम नेमणुकीचे शिक्षक बदलून आले आणि मॅडमचं काम संपलं. शेवटच्या दिवशी शीतल हुंदके देऊन रडत होती. मॅडम म्हणाल्या, “रडून घे. मंग आजचा प्रश्न लिही.” तिने लिहिला. त्यांनी तपासला. बाहेर काळीपिवळीवाला हॉर्न वाजवत होता.

नवे सर चांगले आहेत, तक्रारीला जागा नाही. पण तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं कुणी येऊन गेलं असेल, तर तुम्हाला सांगायला नको. प्रार्थनेआधी वर्गावरून जाताना माझे पाय अजून थबकतात. मॅडमची फार आठवण येते.

निकालानंतर शीतल आईला घेऊन शाळेत आली. इंग्रजीसकट सगळ्यात पास. आईच्या हातात पेढ्यांचा डबा होता, पण तिने तो उघडला नाही.

“गावाला सांगून झालं, सर. आता ज्यांना सांगायचं त्यांना फोन लावा.”

मी नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. नंबर बंद झाला होता. तसं सांगणारा कंपनीचा ठरलेला बाईचा आवाज इंग्रजीत बोलू लागला. आईचा चेहरा फुलला. “मॅडमच ना गं?”

शीतलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला एकेक शब्द कळला होता.