विहीणबाईंचे बटाटे

विहीणबाई गेल्या आठवड्यात लिमाला परत गेल्या. निघताना माझ्या गळ्यात पडून रडल्या. रागावून नाही गेल्या, हो! सुटले बाई एकदाची.

सून माझी पेरू देशातली. मुलानं तिकडेच लग्न केलं आणि मग दोघं इथं तंजावरला, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत राहायला आली. लेक इतक्या लांब जाते म्हणून रुसून विहीणबाई तिथल्या लग्नालाही आल्या नव्हत्या. फोनवरही मायलेकींचं तुटक तुटकच चालायचं. शेवटी एकदा येते म्हणाल्या, तेव्हा सुनेनं मला स्पष्टच सांगितलं की इथून आई रागावून गेली तर पुन्हा यायची नाही.

म्हणून मी या वयात स्पॅनिश शिकायला बसले. मोबाइलवर, माद्रिदच्या एका बाईंकडे. पाहुणीशी बोलणं कमी आणि तिला वाढणं जास्त होणार, तेव्हा आधी खाण्याचे शब्द घोकले. बटाटे म्हणजे पातातास, शेंगा म्हणजे खुदियास, रताळं म्हणजे बोनियातो. विहीणबाई आल्या त्या दिवशी मोठ्या ऐटीत एकेक भाजी उचलून मी ते शब्द म्हणून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातला बटाटा घेतला आणि म्हणाल्या, पापा. शेंगांना म्हणाल्या, वाइनितास. सून म्हणाली, अम्मा, तुमचे शब्द स्पेनचे, आमच्याकडे वेगळे, आणि शेजारच्या चिलीत गेलात तर आणखी वेगळे. मी कपाळाला हात लावला. पण बोलणार कुठल्या तोंडानं? मी बटाट्याला तमिळांसारखं उरुळैकिळंगु म्हटलं की पुण्याचे नातेवाईक माझ्याही मराठीला हसतात. हसा म्हणावं. ज्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या जेवलो, त्यांचेच शब्द तोंडात बसणार.

त्यातच यांची तिथी आली. यांची म्हणजे माझ्या नवऱ्याची. आमच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकाला बटाटा, टोमॅटो, बीन्स, मका काही चालत नाही. या सगळ्या ‘इंग्लिश भाज्या’. मिरचीसुद्धा नाही, तिखटाला मिरी. कच्चं केळं, कारलं, भोपळा, रताळं, एवढंच. शिवाय सोवळ्यात रांधायचं, कुणी शिवायचं नाही. हे सगळं विहीणबाईंना समजावून सांगायचं काम मुलाकडे सोपवलं होतं. तो कसला सांगतोय!

सकाळी मी ओलेत्यानं चुलीपुढे, आणि विहीणबाई बाजारातून थेट स्वयंपाकघरात. चेहरा फुललेला, हातात भरलेली पिशवी. आज घरातल्या गेलेल्या माणसाचा दिवस, एवढंच त्यांना कळलं होतं. ओट्यावर धुतलेल्या तांदळाला खेटून त्यांनी बटाटे ओतले, मक्याची कणसं ठेवली, टोमॅटो ठेवले. माझ्या तोंडून निघून गेलं, “नो पातातास! नो!” शाळेत शिकवताना वर्ग आवरून आवरून माझा आवाज जन्माचा चढलेला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एकेक बटाटा उचलून त्यांनी परत पिशवीत भरला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दारात उभ्या सुनेकडे माझ्यानं बघवेना. बाहेरून भटजी घाई करत होते. मी पुन्हा न्हाले, पुन्हा तांदूळ धुतले, आणि रडत रडत सगळा स्वयंपाक केला. नवऱ्याचं श्राद्ध घालताना पोरीची आई घालवली, हेच डोक्यात.

पिंड ठेवले तर कावळाही येईना. मुलगा उन्हात ताटकळला. कधीतरी एक आला, दोन शितं उचलून गेला. मग आमची पानं मांडली. मी स्वतः जाऊन दार वाजवलं आणि विहीणबाईंना हाताला धरून आणलं. आल्या, बसल्या, पण पानाला हात लावीनात. शेवटी रताळ्याच्या फोडीवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, कामोते.

माद्रिदच्या बाईंचा बोनियातो मी गिळून टाकला. मीही म्हटलं, कामोते. त्यांनी भोपळा दाखवला, सापाय्यो. मी म्हटलं, सापाय्यो. मग त्या मान खाली घालून लेकीशी काहीतरी बोलल्या.

“ती विचारतेय,” सून म्हणाली, “बटाटे त्यांना आवडत नव्हते का?”

त्यांच्याकडे मृतांच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून थडग्यापाशी नेतात. नावडतं कुणी नेत नाही. मेलेल्या माणसाच्या दिवशी आपण नेमकं त्याचं नावडतं घेऊन आलो, म्हणून बाई सकाळपासून खोलीत शरमून बसली होती. राग नव्हताच मुळी.

पण उत्तर काय देऊ? हा माणूस बटाट्याशिवाय जेवायचा नाही. सणावारीसुद्धा आधी विचारणार, उरुळैकिळंगु आहे ना? आणि मी दरवर्षी त्याच्या पानात कारलं वाढते. मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं.

“आवडायचे,” मी म्हटलं. “फार आवडायचे. पापा.”

मग विहीणबाई जे बोलल्या ते सांगायला सून कचरत होती. मी म्हटलं, सांग गं.

“मग दरवर्षी या माणसाला उपाशी का ठेवता?”

दुसऱ्या दिवशी तिथीही नाही, सोवळंही नाही. विहीणबाईंनी तीच पिशवी आणून ओट्यावर ओतली. बटाटे त्यांनी उकडले, मोहरी-हिंगाची फोडणी मी दिली. पहिला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि आम्ही मागे सरतोय तोवर कावळा आला. आदल्या दिवशी इतकं ताटकळवणारा मेला, सगळा घास पुसून खाऊन गेला. विहीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

पुढच्या वर्षी तिथीला येते म्हणाल्यात. बटाटे त्याच आणणार आहेत, दुसऱ्या दिवशी.